आपल्याच पंगतीतल्यांचा उपहास : वू चिंगत्झ आणि त्याची ‘रूलिन वाइश’

बोरू

‘रूलिन वाइश’ या चिनी कादंबरीत, दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात फान चिन नावाचा एक परीक्षार्थी आहे. वय चोपन्न, विसाव्या वर्षापासून वीसहून अधिक वेळा परीक्षेला बसलेला. प्रांतिक परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी घरात शिजवायला दाणा नाही, म्हणून आईच्या सांगण्यावरून तो अंडी देणारी कोंबडी विकायला बाजारात गेला आहे. शेजारी धावत येऊन बातमी सांगतो, तर त्याला ती थट्टाच वाटते; अक्षरशः ओढून त्याला घरी आणावे लागते. लावलेला निकालाचा कागद तो वाचतो, टाळ्या पिटतो, उत्तीर्ण झाल्याचे ओरडून सांगत मागच्या मागे कोसळतो, आणि उठतो तो वेडा होऊनच. चिखलाने माखलेला, केस सुटलेला असा तो बाजाराकडे धावत सुटतो. निकाल घेऊन आलेल्यांपैकी एक जण तोडगा काढतो: हा ज्याला सर्वांत जास्त भितो त्याने याला एक थोबाडीत द्यावी. तो माणूस म्हणजे सासरा, हू कसाई. प्रवासखर्चासाठी पैसे मागायला आलेल्या याच जावयाच्या तोंडावर तो थोड्याच दिवसांपूर्वी थुंकला होता. आता मात्र त्याचा हात उठत नाही, कारण प्रांतिक परीक्षा उतरलेला माणूस म्हणजे आकाशातला तारा, आणि ताऱ्यावर हात टाकला तर यमाच्या दरबारी लोखंडी दांड्याचे शंभर फटके ठरलेले. दोन वाडगे दारू रिचवून तो एकदाची थोबाडीत देतो. जावई भानावर येतो आणि कसायाचा हात दुखू लागतो. देवाचा कोप झाला असे समजून तो मलमपट्टी मागतो. घरी परतताना तो जावयाच्या मागून मान खाली घालून चालतो आणि त्याच्या अंगरख्याच्या मागच्या बाजूला पडलेल्या सुरकुत्या वाटभर ओढून सरळ करत राहतो.

या संपूर्ण प्रसंगात लेखक आपले मत म्हणून एक शब्दही उच्चारत नाही. कसाई लाचार आहे असे तो म्हणत नाही, परीक्षापद्धती अमानुष आहे असेही म्हणत नाही. सुरकुत्या ओढणारा तो हात तेवढा दाखवतो आणि पुढे जातो. ‘रूलिन वाइश’, म्हणजे विद्वज्जनांचा अनधिकृत इतिहास, या कादंबरीविषयी हा धागा काढण्याचे कारण हीच तिची रीत आहे.

लेखक वू चिंगत्झ (१७०१–१७५४) हा आन्ह्वी प्रांतातील छ्वानच्याओ गावच्या प्रतिष्ठित घराण्यातला. ज्या परीक्षांची त्याने पुढे रेवडी उडवली त्याच परीक्षांवर हे घराणे मोठे झाले होते. त्याचे पणजोबा १६५८ साली राजधानीतील अंतिम परीक्षेत देशात तिसरे आले होते. त्याने स्वतः तरुणपणी पहिली पदवी मिळवली, पण त्यापुढे तो गेला नाही. वडिलांच्या मागे भाऊबंदांशी वाटणीवरून तंटे झाले, उरलेला पैसा त्याने मोकळ्या हाताने उधळला, आणि १७३३ साली तो नानचिंगला जाऊन राहिला. १७३६ मध्ये दरबाराच्या एका विशेष परीक्षेसाठी त्याची शिफारस झाली असता आजारपणाचे कारण सांगून तो गेला नाही. कादंबरी त्याने १७५० च्या सुमारास पूर्ण केली असावी असे मानतात. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत मात्र १८०३ सालची आहे. म्हणजे जवळपास अर्धे शतक हे पुस्तक मुख्यतः हस्तलिखितांतूनच फिरत होते.

परीक्षांची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. स्थानिक पातळीवर उत्तीर्ण होणारा तो श्युत्साय, दर तीन वर्षांनी होणाऱ्या प्रांतिक परीक्षेत उत्तीर्ण होणारा तो ज्युरन, आणि राजधानीत यशस्वी होणारा तो चिनश. प्रश्न कन्फ्यूशियस परंपरेतील चार ग्रंथांतील एखाद्या वचनावर असे आणि त्याचे उत्तर ठरावीक आठ भागांच्या साच्यात, बाराव्या शतकातील चू शी याच्या भाष्याला धरून द्यावे लागे. श्युत्साय झाला की माणसाची वेठबिगारीतून सुटका होई आणि कोर्टात त्याला सहजासहजी फटके मारता येत नसत. ज्युरन झाला की तो अधिकारीवर्गाच्या उंबरठ्यावर येई. त्यामुळे फान चिनच्या घरी निकालानंतर काही तासांतच गावातील बडे जमीनदार चांग महाशय पन्नास ताएल चांदी आणि राहायला घर घेऊन हजर होतात, ते कल्पनेपेक्षा हिशेबाला अधिक धरून आहे.

माझे म्हणणे असे आहे की या कादंबरीत खलनायक नाहीत, आणि म्हणूनच तिची सामाजिक टीका इतकी खोल जाते. लाच खाणारा एखादा अधिकारी दाखवला की वाचक त्याच्यावर राग काढून मोकळा होतो. येथे शिक्षक, कसाई, व्यापारी, पुस्तकविक्रेते, आया आणि मुली, सगळे एकाच मापाने माणूस मोजतात, आणि त्या मापाच्या बाहेर उभे राहून न्याय देणारा कोणी नाही. लेखकही नाही, तो त्याच पंगतीत बसलेला आहे. आपणांस हे पटते का, आणि ज्यांनी ही किंवा त्या काळातील इतर चिनी कथनपर पुस्तके वाचली आहेत त्यांना काय वाटते, हे जाणून घ्यायला आवडेल.

पारंबी

लेख आवडला, परंतु फान चिनचा प्रसंग वाचताना मला हसू येण्याआधी कीव येते. उपाशी, थकलेला, आयुष्यभर अपमान सोसलेला माणूस यश मिळाल्यावर भ्रमिष्ट होतो, आणि वाचकाने त्यावर हसावे अशी अपेक्षा आहे. चौ चिनची गोष्टही तशीच. साठी उलटलेला हा गृहस्थ खेड्यातल्या देवळात मुलांना शिकवतो. एक उर्मट ज्युरन पावसामुळे तेथे मुक्कामाला थांबतो, कोंबडी, मासे, बदक आणि डुकराचे मांस असे भरपेट जेवतो, आणि शेजारी चौ चिन कोबीच्या पानांवर आणि गरम पाण्यावर भागवतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्याने टाकलेली हाडे आणि बियांची टरफले झाडून काढण्यातच त्याची सकाळ जाते. पुढे परीक्षेच्या कोठड्या पाहायला गेला असता फळीवर डोके आपटून तो बेशुद्ध पडतो. ही टीका व्यवस्थेवर आहे की व्यवस्थेखाली चिरडल्या गेलेल्यांवर? दुबळ्याला हसणे म्हणजे सामाजिक टीका नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बोरू

पारंबी, तुमचा आक्षेप गंभीर आहे. पण वू चिंगत्झ त्या दोघांना तेथेच सोडून देत नाही, हे लक्षात घ्यावे. जोपर्यंत ते दुबळे आहेत तोपर्यंत त्याची लेखणी त्यांच्या बाबतीत सौम्य असते; बोचते ती त्यांच्या भोवतालच्यांना. चौ चिन शुद्धीवर येऊन रडू लागतो तेव्हा त्याच्यासाठी दोनशे ताएल जमवून परीक्षेला बसण्याचा हक्क विकत घेऊन देतात ते काही अशिक्षित व्यापारी, आणि पुस्तकातील खरोखरीच्या उदार कृत्यांपैकी ते एक आहे.

धार चढते ती नंतर. चौ चिन स्वतः परीक्षक होऊन क्वांगतुंगला जातो, थंडीत कुडकुडणाऱ्या फान चिनमध्ये त्याला आपलीच जुनी छबी दिसते, आणि तो त्याचा निबंध तीनदा वाचतो. पहिल्या वाचनात त्याला तो निरर्थक वाटतो, दुसऱ्यांदा थोडा अर्थ लागतो, तिसऱ्यांदा अक्षर न् अक्षर मोत्यासारखे भासू लागते. निबंध तोच आहे. बदलली आहे ती परीक्षकाच्या मनातली कणव. पण त्याच दिवशी दुसरा एक परीक्षार्थी आपल्याला कविताही येते, तिचीही परीक्षा घ्यावी, असे सांगतो, तेव्हा हाच कनवाळू चौ चिन त्याला हाकलून लावतो. म्हणजे दयाही त्याच एका मापातून बाहेर पडते. फान चिन पुढे शानतुंग प्रांताचा परीक्षाप्रमुख होतो. तेथे त्याचा एक सहायक त्याला विनोद म्हणून सांगतो, की सच्वानमधल्या एका परीक्षाप्रमुखाने तीन वर्षे शोधूनही सु श नावाचा परीक्षार्थी त्याला कोठे सापडला नाही. सु श हा अकराव्या शतकातला, चीनमधील शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला महाकवी. फान चिनला विनोद कळत नाही. कपाळाला आठ्या घालून तो म्हणतो, की त्या सु शचे लेखन चांगले नसेल तर तो सापडला नाही म्हणून बिघडत नाही, परंतु गुरू चौ चिन यांना हवा असलेला उमेदवार मात्र शोधायलाच हवा. चौतीस वर्षे केवळ साच्यातले निबंध घोकलेल्या माणसाचे काय होते, याचे इतके संक्षिप्त निदान मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आणि आईच्या सुतकात असतानाचा तो जेवणाचा प्रसंग! मामलेदाराच्या घरी चांदीचे चिमटे (जेवणाच्या काड्या, चॉपस्टिक्स) समोर येतात तेव्हा फान चिन संकोचून थांबतो. मग हस्तिदंती चिमटे आणले जातात, तेही तो घेत नाही. शेवटी साधे बांबूचे मिळाल्यावर तो जेवू लागतो. याच्यासाठी वेगळे सोवळ्याचे जेवण करायला हवे होते की काय, अशी चिंता यजमानाला लागते, आणि तेवढ्यात फान चिन एका वाडग्यातून कोळंबीचा मोठा गोळा उचलून तोंडात टाकतो. वाक्य तेथेच संपते.

आडवाट

बाकी सर्व मान्य करूनही मला राजकीय बाजू येथे दुबळी वाटते. कादंबरी लिहिली गेली छिंग या मांचू राजवटीत, पण कथानक ठेवले आहे मिंग राजवटीत, १४८७ ते १५९५ या शतकात. प्रस्तावनेचे प्रकरण तर त्याहून मागे, युआन राजवटीच्या अखेरीस घडते. हे धोरण समजण्यासारखे आहे. १६६३ साली मिंग राजवटीचा खासगी इतिहास छापल्याबद्दल च्वांग तिंगलोंगच्या प्रकरणात लेखक, मुद्रक आणि त्यांचे नातलग अशा अनेकांना मृत्युदंड दिला गेला. च्वांग स्वतः आधीच वारला होता, तर त्याच्या प्रेताची विटंबना करण्यात आली. वू चिंगत्झच्या तरुणपणी त्याहून जवळचे उदाहरण घडले. ल्यू ल्योलिआंग हा सतराव्या शतकातला विद्वान. परीक्षेतील नमुना निबंधांचे त्याने संपादित केलेले संग्रह देशभर खपत असत. त्या संग्रहांतील टिप्पण्या वाचून भारावलेल्या एका खेडवळ शिक्षकाने १७२८ साली मांचू सत्तेविरुद्ध बंडाचा प्रयत्न केला, आणि योंगचंग सम्राटाने जवळपास पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या ल्यूचे थडगे उकरून काढवले.

कादंबरीत नमुना निबंधांचा मा छुनशांग नावाचा एक संपादक आहे, आणि तो राजकारणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. कन्फ्यूशियस आज असता तर त्यानेही परीक्षेचाच अभ्यास केला असता, कारण केवळ सद्वर्तनाच्या गोष्टी बोलल्याने नोकरी कोण देणार, असे तो अगदी निर्मळ मनाने सांगतो. मला येथे लेखकाची सावधगिरी दिसते. त्याने सिंहासनाला हात लावलेला नाही. परीक्षा कोणी लादल्या आणि कशासाठी, हा प्रश्नच त्याने विचारला नाही.

बोरू

प्रश्न विचारला नाही असे म्हणता येणार नाही. तो पहिल्याच प्रकरणात विचारला आहे. तेथील नायक वांग मियान हा गुराख्याचा चित्रकार झालेला, ऐतिहासिक व्यक्तीवर बेतलेला पण बराचसा कल्पित असा पुरुष. नव्या मिंग राजवटीने चार ग्रंथांवरील निबंधांची पद्धत सुरू केल्याचे राजपत्र त्याच्या हाती पडते, तेव्हा तो म्हणतो, की हा नियम चांगला नाही. विद्वानांना मोठे होण्याचा हा एक मार्ग मिळाला की ज्ञान, शील आणि सत्ता कधी स्वीकारावी व कधी नाकारावी याचा विवेक या सर्वांना ते तुच्छ मानू लागतील. पुढे त्याला पद देऊ करणारा हुकूम येतो तेव्हा तो डोंगरात निघून गेलेला असतो. राजवट कोणाची आहे हे बाजूला ठेवले तरी नियम वरून आला, हे लेखकाने स्पष्ट लिहून ठेवले आहे.

बंदी घातलेल्या ग्रंथांचा धागाही कादंबरीत आहे. मिंग राजवटीच्या संस्थापकाने १३७४ साली ठार मारलेल्या काओ छी या कवीच्या लेखनाची प्रत बाळगल्याबद्दल एका पुस्तकवेड्याला सैनिक पकडायला येतात. सोळाव्या शतकाचे वर्णन म्हणून लिहिलेला हा प्रसंग अठराव्या शतकातील वाचकाने कसा वाचला असेल, हे सांगण्याची गरज नाही. मा छुनशांगविषयी मात्र मला वेगळे वाटते. पश्चिम सरोवराकाठच्या निसर्गरम्य हांगचौमध्ये फिरताना त्याला दुकानांत टांगलेले मांस आणि वाफाळणारी भांडीच प्रामुख्याने दिसतात, हे खरे. पण मित्र संकटात सापडला असता संपादनाच्या मेहनतान्यातून मिळालेली बहुतेक सर्व चांदी देऊन तोच त्याला सोडवतो. डोके साच्यात ओतलेले आणि हृदय जागच्या जागी, अशी ही व्यक्ती आहे. अशा माणसाला निव्वळ मूर्ख ठरवणारा लेखक दुय्यम दर्जाचा ठरला असता.

कंदील

चर्चेत अजून वांग युह्वीचा उल्लेख आला नाही याचे आश्चर्य वाटते. माझ्या मते या पुस्तकातील सर्वांत धाडसी पाने तीच आहेत. वांग युह्वी हा आन्ह्वीमधील ह्वीचौ भागातला वृद्ध श्युत्साय. विधी आणि आचारांवर ग्रंथ लिहिण्यात त्याने हयात घालवलेली. त्याची मुलगी विधवा होते आणि पतीमागे प्राण देण्याचा निश्चय करते. सासूसासरे तिला रडून विनवतात. बाप मात्र सांगतो, की हे इतिहासात नाव राहील असे कृत्य आहे, त्यात मी आडवा कशाला येऊ. आठ दिवस उपाशी राहून ती मरते. आई आक्रोश करते, आणि बाप आकाशाकडे तोंड करून हसत म्हणतो, ‘छान मेली! छान मेली!’

पुढे गावातले अधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी तिच्या नावाची पाटी समारंभाने पतिव्रतांच्या देवळात बसवतात. मेजवानीला बापाला मानाने बोलावले जाते, आणि तेथे त्याचा धीर सुटतो. तो जात नाही. घरी बायकोचे दुःख पाहवत नाही म्हणून तो प्रवासाला निघतो. सूचौला एका नावेत पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण स्त्री त्याला दिसते, मुलगी आठवते, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागते.

येथे परीक्षेचा काहीच संबंध नाही. कोणी लाच घेतलेली नाही, कोणी ढोंग केलेले नाही. बाप आपल्या तत्त्वाशी शंभर टक्के प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक आहे म्हणूनच मुलगी मरते. मिंग आणि छिंग काळात अशा विधवांच्या सन्मानार्थ शासन कमानी उभारण्यास मान्यता देत असे आणि ह्वीचौचा परिसर त्यासाठी विशेष प्रसिद्ध होता, हे लक्षात घेता लेखकाने येथे हात घातला आहे तो राज्याने मान्यता दिलेल्या सद्गुणालाच. आडवाट यांना हवी असलेली राजकीय टीका मला येथे दिसते. सिंहासनाचे नाव घेण्याची तीत गरजच पडलेली नाही.

त्याच पुस्तकात शन छ्योंगज आहे, हेही नोंदवावेसे वाटते. यांगचौच्या मिठाच्या व्यापाऱ्याने पत्नी म्हणून मागणी घालून प्रत्यक्षात रखेल म्हणून आणलेली ही सुशिक्षित मुलगी त्याच्या घरातील सोने-चांदी बांधून पळून जाते आणि नानचिंगला कविता व भरतकाम विकून स्वतःचे पोट भरते. लोक तिच्याविषयी नको ते बोलतात. लेखकाचे प्रतिरूप मानला जाणारा तू शाओछिंग मात्र तिला आदराने वागवतो. एका पुरुषाने अनेक स्त्रिया ठेवणे हा अन्याय आहे, कारण त्यामुळे दुसऱ्या कोणाला तरी पत्नी मिळत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. युक्तिवाद पुरुषांच्या सोयीचा आहे, हे उघड आहे. तरीही आपल्या पत्नीचा हात हातात धरून नानचिंगच्या टेकडीवर भर दिवसा फिरायला जाणारा नायक त्या काळातील वाचकाला बऱ्यापैकी धक्कादायक वाटला असणार.

आडवाट

वांग युह्वीच्या बाबतीत कंदील यांचे म्हणणे मान्य. परंतु मग थायपो मंदिराचे काय करायचे? कादंबरीच्या मध्यावर तू शाओछिंग आणि त्याचे मित्र नानचिंगला प्राचीन सत्पुरुष थायपो याचे मंदिर बांधतात आणि एक संपूर्ण प्रकरणभर प्राचीन विधींनुसार तेथील पूजा चालते. नाही विनोद, नाही टोमणा. कोणी कोठे उभे राहिले आणि कोणी कोणते पात्र उचलले याची नुसती यादी. मला ते प्रकरण अतिशय कंटाळवाणे वाटले. जो विधी मुलीचा जीव घेतो, त्याच विधीत लेखक समाजाचा उद्धार शोधतो, ही विसंगती नव्हे काय?

बोरू

विसंगती आहे, आणि ती लेखकाच्या आयुष्यातही होती. नानचिंगमधील प्राचीन सत्पुरुषांच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी त्याने स्वतः पदरमोड केली होती. परीक्षांनी ज्याचा चोथा केला ते मूळ कन्फ्यूशियस-वचन परत मिळवता येईल, अशी आशा त्याला होती. तो क्रांतिकारक नव्हता. विसाव्या शतकातील काही समीक्षकांनी त्याला तसे रंगवले, ते मला पटत नाही.

मात्र ते कंटाळवाणे प्रकरण सुटे वाचू नये. शेवटाकडे काय होते ते पाहावे. मंदिर बांधणारी पिढी संपली आहे. एक दरिद्री चित्रकार शेजाऱ्यासह तेथे जातो, तर छप्पर खचलेले, दरवाजे नाहीसे झालेले, आणि ज्या पायऱ्यांवर तो सोहळा झाला तेथे खेड्यातल्या तीन-चार म्हाताऱ्या रानभाजी खुडत आहेत. विधी एकदा झाला, मनापासून झाला, आणि त्याने काहीही बदलले नाही. वांग युह्वीचे प्रकरण मंदिराच्या पूजेनंतर येते, आधी नाही, आणि नानचिंगला जाणे ठरवूनच तो घरून निघालेला असतो. तेथे पोचल्यावर त्याला त्या मंदिराला लागलेले कुलूप आणि भिंतीवर चिकटवलेली विधीची पत्रके दाखवली जातात. हा क्रम लेखकाने ठरवून ठेवलेला आहे, असे मी मानतो.

तळटीप

रचनेविषयी दोन शब्द. आधुनिक चिनी लेखक लू शुन यांनी १९२० च्या दशकात चिनी कथासाहित्याचा इतिहास लिहिताना उपहासात्मक कादंबरी म्हणून या पुस्तकाला सर्वोच्च स्थान दिले. त्याच वेळी नावाला ती दीर्घ कादंबरी असली तरी प्रकृतीने कथांची मालिका आहे, असेही नोंदवले. एक पात्र दुसऱ्याला भेटते, कथा त्या दुसऱ्याच्या मागे जाते आणि पहिला नाहीसा होतो. आपल्याला सवय असते ती एका नायकाची, त्यामुळे ही रचना सैल वाटते. पण टीकेचा विषय एखादी व्यक्ती नसून एक सार्वत्रिक सवय असेल, तर निवेदनाने कोणाही एकापाशी न थांबणे हेच उचित ठरते. खुद्द लू शुन यांची ‘खुंग यीची’ (१९१९) ही छोटी कथा वाचल्यास हा वारसा स्पष्ट दिसतो: तेथे परीक्षेत अपयशी ठरलेल्या, फाटका लांब झगा न सोडणाऱ्या माणसाला दारूच्या गुत्त्यात सगळे हसतात, आणि त्याची कहाणी सांगतो तो गुत्त्यातला पोऱ्या.

लू शुन यांनी केलेला आणखी एक भेद येथे उपयोगी पडेल. छिंग राजवटीच्या अखेरच्या दशकात, विशेषतः १९०३ च्या आसपास, शांघायच्या नियतकालिकांतून अधिकाऱ्यांचे वाभाडे काढणाऱ्या क्रमशः कादंबऱ्यांचे पीक आले. परकीय वसाहतींमुळे शांघायमध्ये छिंग शासनाचा हात सहज पोचत नसे आणि वाचक संतापलेला होता. ली बोयुआन याची नोकरशाहीचे खरे रूप दाखवणारी कादंबरी त्यांतली सर्वांत गाजलेली. लू शुन या प्रकाराला उपहास न म्हणता निर्भर्त्सना म्हणतात, कारण तेथे अतिशयोक्ती फार आणि संयम कमी. लाच घेणारे इतके आहेत की शंभर पानांनंतर वाचक बधिर होतो. बोरू यांनी खलनायकांविषयी जे म्हटले त्याला या कादंबऱ्या उलट बाजूने दुजोरा देतात.

अपवाद ल्यू अ याच्या ‘लाओ त्सान’च्या प्रवासवर्णनपर कादंबरीचा. लाचखोर अधिकारी वाईट हे सर्वांना ठाऊक असते, पण स्वच्छ अधिकारी अधिक वाईट असू शकतो हे फार थोड्यांना कळते, असे तो उघडपणे लिहितो. त्याच्या कादंबरीतील एक अधिकारी पैशाला शिवत नाही. कचेरीच्या दाराशी उभ्याने मरण देणारे बारा पिंजरे ठेवून तो जिल्हा ‘शांत’ करतो. आपण निर्मळ आहोत या खात्रीमुळे त्याला शंका शिवतच नाही. वांग युह्वी आणि हा अधिकारी एकाच कुळातले आहेत, असे मला कंदील यांचा प्रतिसाद वाचताना जाणवले.

आणि मागे जायचे तर पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याला विसरू नये. तो स्वतः प्रांतिक परीक्षेत आयुष्यभर नापास होत राहिला. त्याच्या एका अद्भुत कथेत एक आंधळा भिक्षू निबंध जाळून त्यांच्या राखेच्या वासावरून गुणवत्ता ओळखतो. ज्याच्या निबंधाने त्याला मळमळते तोच उत्तीर्ण होतो. भिक्षूचे म्हणणे असे, की मी डोळ्यांनी आंधळा असलो तरी नाकाने नाही. परीक्षकांची तर नाकेही गेली आहेत. वू चिंगत्झला जे भुताखेतांशिवाय साधले ते पू सोंगलिंगने भुताखेतांना हाताशी धरून साधले. मला दोन्ही हवेत.

पारंबी

माझा पहिला आक्षेप मी बराचसा मागे घेते, मात्र पूर्ण नाही. चौ चिनच्या रडण्यावर हसणारा वाचक कादंबरीबाहेर असतोच, आणि त्याचा बंदोबस्त लेखकाने केलेला नाही.

एक विचारते. हे सर्व वाचताना पुण्यातल्या अभ्यासिकांमधून वर्षानुवर्षे स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींची आठवण होणे अपरिहार्य आहे. तशी तुलना करणे योग्य ठरेल का? आणि वाचायला सुरुवात कोठून करावी?

बोरू

तुलनेला एक ऐतिहासिक आधार आहे, तेवढ्यापुरती ती रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये सनदी नोकरांची भरती खुल्या परीक्षेने करावी की नाही, हा वाद झाला तेव्हा चीनचे उदाहरण समर्थकही देत होते आणि विरोधकही. १८५३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानातील मुलकी सेवेसाठी तशी परीक्षा आली, आणि आपल्या आजच्या आयोगांची वंशावळ तेथपर्यंत जाते. त्यापलीकडे तुलना ताणू नये, असे माझे मत आहे. चीनमध्ये प्रतिष्ठा, करसवलत, कायद्याचे संरक्षण आणि धर्मग्रंथांचा अर्थ लावण्याचा अधिकार हे सर्व त्या एकाच निबंधाला बांधलेले होते. ती पद्धत १९०५ साली रद्द झाली तेव्हा लाखो माणसांच्या आयुष्याचा आराखडाच पुसला गेला.

इंग्रजीत यांग श्येन-यी आणि ग्लॅडिस यांग यांचा अनुवाद आहे. तो पेइचिंगमधून १९५७ साली प्रथम प्रसिद्ध झाला. नावांचा गोंधळ होतो, पण पात्रे टिकत नसल्याने ती लक्षात ठेवण्याची धडपड करू नये. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी, पहिले नंतर वाचावे. पाचव्या-सहाव्या प्रकरणातील यान बंधू चुकवू नयेत: धाकटा मरणाच्या दारात दोन बोटे वर करून पडलेला असतो, नातलग दोन माणसे, दोन ठिकाणची चांदी असे नाना तर्क करतात, आणि शेवटी त्याच्या बायकोला उमगते की दिव्यात एकाऐवजी दोन वाती जळत आहेत. ती एक वात काढते, तो मान डोलावतो आणि प्राण सोडतो. मात्र याच कंजूष माणसाने उर्मट थोरल्या भावाची देणी मुकाट्याने निस्तरली, हे त्याच्या थोडेसेच आधी येऊन गेलेले आहे. ते नजरेआड झाले तर हा निव्वळ चुटका उरतो.

तळटीप

पारंबी यांच्यासाठी एक सूचना जोडतो. पंचावन्न प्रकरणे वाचून थांबावे. १८०३ च्या प्रतीत छप्पन्नावे प्रकरण आहे. त्यात सम्राट कादंबरीतील मृत पात्रांना मरणोत्तर चिनश पदवी बहाल करतो आणि कोण पहिला, कोण दुसरा, कोण तिसरा अशी श्रेणीवार यादी लागते. ते मूळ लेखकाचे नसावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. १८६९ च्या एका आवृत्तीला जोडलेल्या टिपणात चिन ह याने ते कोणीतरी मागाहून जोडल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

बोरू

त्याबाबत वाद अजून मिटलेला नाही, आणि मूळ प्रकरणे पन्नास, पंचावन्न की छप्पन्न यावरही एकमत नाही. मी ते छप्पन्नावे प्रकरण वाचावे असेच सुचवेन. ते वू चिंगत्झने लिहिले असेल, तर हा त्याचा सर्वांत कडवट विनोद आहे. ते दुसऱ्या कोणी लिहिले असेल, तर त्या गृहस्थाने पंचावन्न प्रकरणे मन लावून वाचली, पात्रांवर प्रेम केले, आणि त्यांचा यथोचित सन्मान व्हावा म्हणून त्यांना परीक्षेत उत्तीर्ण केले.